'क्यू'ला (cue) मराठीत काय म्हणाल? संकेत, उद्दीपक की आणखी काही?

टिंबटिंब
एका लेखाचं मराठी करतोय. भरपूर दारू पिणाऱ्यांना एफएमआरआय यंत्रात (मेंदूचं काम टिपणारं स्कॅनर) झोपवून कधी फेसाळ बिअरच्या ग्लासाचे फोटो दाखवतात, कधी सरबताचे, आणि दोन्ही वेळच्या मेंदूतला फरक मोजतात. याला म्हणतात 'अल्कोहोल क्यू रिअ‍ॅक्टिव्हिटी'. मी 'मद्य-संकेत प्रतिक्रिया' लिहिलं. बायको म्हणाली, "म्हणजे दारूचं संकेतस्थळ का?" सुचवा काहीतरी.

काठावरचा
मानसशास्त्राच्या पुस्तकांत 'उद्दीपक' आहे. पावलॉव्हच्या कुत्र्यासमोरचं अन्न हा अनभिसंधित उद्दीपक (न शिकवता लाळ आणणारा), घंटा हा अभिसंधित (अन्नाशी जोडला गेल्यावर लाळ आणणारा). उच्चारताना जीभ अडखळते, पण अर्थ चोख.

टिंबटिंब
चोख कुठला? अन्नही उद्दीपक, घंटाही उद्दीपक, डोळ्यांवर मारलेला टॉर्चही उद्दीपकच. मला फक्त घंटेच्या जातीचा शब्द हवाय.

जुनी वही
खूण. आणि क्रियापद तर आयतंच आहे, खुणावणं. फोटोतला ग्लास कुणाला पाजत नाही, खुणावतो. खूण पटायला ती आधी ठाऊक असावी लागते, हेही त्या शब्दातच आलं.
माझ्या मामांनी सोडली त्याला दोन वर्षं झाली होती. एका बारशाला बशीतून खारे शेंगदाणे आले, वर बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू पिळलेलं. आम्ही मुठी भरल्या. मामांनी बशी बोटाने सरकवली आणि हळूच म्हणाले, "हा चकणा आहे रे." आमच्या लेखी नुसते शेंगदाणे! 'आज बसायचं का?' यातलं 'बसणं'ही तसंच; ऐकणाऱ्यावर आहे.

काठावरचा
खूण मान्य. मग 'खूण-प्रतिसाद' करा. मात्र त्या जागी 'तलफ' घालू नका, बरेच जण घालतात. तलफ माणसाला जाणवते आणि तो ती सांगतो. यंत्र मोजतं ते रक्तातल्या ऑक्सिजनमुळे बदलणारा चुंबकीय संदेश, तोही फोटो दिसल्यावर पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोचणारा. व्हेंट्रल स्ट्रायटममध्ये (मेंदूतला बक्षिसाशी जोडलेला भाग) संदेश वाढलेला आणि माणूस म्हणतो 'मला काही होत नाही', असंही घडू शकतं. तो खोटंच बोलतोय असं नाही.
'मेंदू उजळतो' हेही टाळा. आत दिवे लागत नाहीत. आकडेमोड करून फरक काढतात आणि रंग मागाहून भरतात.

टिंबटिंब
बरं झालं, 'उजळतो' दोनदा लिहिलं होतं. 'हेवी ड्रिंकर'ला 'मद्यपी' चालेल?

जुनी वही
नको. मद्यपी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गटारीकाठचा बेवडा येतो. इथे मुद्दा किती पितो हा आहे, व्यसन जडलंय की नाही हा वेगळा प्रश्न. सरळ 'भरपूर पिणारे' लिहा, आणि भरपूर म्हणजे किती ते ग्रॅममध्ये सांगा. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या 30 मिलीच्या स्मॉलमध्ये साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे 180 मिलीच्या एका क्वार्टरमध्ये 60 ग्रॅम. हे वाचकाला पटकन कळतं.

(अवांतर: स्मॉलला मराठी शब्द शोधायला जाऊ नका.)

टिंबटिंब
'खूण-प्रतिसाद' पक्कं. संपादक त्याचं पुन्हा 'संकेत' करतील ते करोत. मामांची बशी उदाहरणाला घेऊ का?

जुनी वही
घ्या. कांदा-लिंबू गाळू नका.