सरकीचं तेल म्हणजे जीएमच ना?

वैशाली_ठाणे
घरात जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेलं, काही आणायचं नाही, हा माझा दोन वर्षांचा हट्ट. परवा फरसाणाच्या पुडीमागे बारीक अक्षरात ‘कॉटनसीड ऑइल’ दिसलं. लेक म्हणाली, “आई, देशातला जवळपास सगळा कापूस बीटी, म्हणजे जीएमच आहे. म्हणजे आपण खातोच आहोत!” खरंच काळजीचं आहे का? शेतीतलं कुणी सांगेल?

पऱ्हाटीवाला
ताई, लेक बरोबर बोलली. बीटी कापूस, म्हणजे जिवाणूचं जनुक घालून अळीला मारणारा केलेला, २००२ मध्ये आला, दोन जनुकांचा २००६ मध्ये. त्याच सरकीचं तेल निघतं, आणि ढेप आमच्या यवतमाळकडं गाई-म्हशी खातात.

पण खाण्याची भीती मला नाही. बीटीचं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात काम करतं, आपल्या पोटात आम्ल. त्यातून रिफाइंड तेलात प्रथिन जवळपास उरतच नाही.

माझं रडगाणं वावरातलं आहे. सुरुवातीची काही वर्षं खरंच सुखाची गेली. हिरवी बोंडअळी दिसेना, फवारे कमी झाले. बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची साध्या, बिगर-बीटी कापसाची पुडी यायची. ती कडेनं पाच ओळी लावायची. तिथं बोंडअळीचे साधे पतंग वाढावेत, बीटी पचवणाऱ्या पतंगांना जोडीला मिळावेत आणि पुढची पिढी बीटीला बळी पडावी, असा हिशेब. मी ती पुडी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर फेकली. शेजाऱ्यानंही फेकली. अळ्यांसाठी जागा कोण अडवून ठेवतं! वर लोभापायी मार्चपर्यंत फरदड ठेवली (हंगाम संपल्यावरही तीच पऱ्हाटी उभी), म्हणजे गुलाबी बोंडअळीला बारमाही जेवण.

२०१७ ला डोमकळ्या दिसल्या. फूल उमलायचंच नाही, पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, सोडवल्या की आत अळी. बोंड बाहेरून टवटवीत, फोडलं की कवडी, म्हणजे किडका, खराब कापूस. त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. ज्या फवाऱ्यापासून सुटका म्हणून हे बियाणं घेतलं, तोच पंप पुन्हा पाठीवर.

भरीतप्रेमी_जळगाव
म्हणून तर बीटी वांगं अडवलं ते बरं झालं. फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. वांग्याचे इतके गावरान वाण आपल्याकडं, परागकण गेले की भेसळ.

पऱ्हाटीवाला
भेसळीचं पटतं. पण भाऊ, वांग्याच्या शेतात कधी उभे राहिलात? शेंडा आणि फळ पोखरणारी अळी आत शिरली की औषध पोचत नाही, म्हणून लोक तोडणीच्या तोंडावरही फवारतात. ते तुमच्या भरतात येतंच की! बांगलादेशानं २०१३ ला परवानगी दिली, पुढच्या वर्षी लागवडही केली. मला विचाराल तर मी बीटी वांगं खाईन. लावीन की नाही, ते मात्र अळीला विचारून.

वैशाली_ठाणे
दादा, फरसाण खाऊ की नको, एवढंच सांगा! आणि त्या पुडीचं पुढं काय झालं?

पऱ्हाटीवाला
खा, पण तळणाच्या हिशेबानं. पुडी आता वेगळी येत नाही, साधं बी पाकिटातच मिसळून देतात. आम्हाला फेकायची सोयच ठेवली नाही.