नववी-दहावीला निम्मं ऑनलाइन, निम्मं वर्गात: सोलापुरात जमेल का?

गणिताच्या बाई
मी सोलापुरात एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. वर्गात साठाच्या वर मुलं, तासिका पस्तीस मिनिटांची. हजेरी झाली, प्रमेय फळ्यावर लिहिलं, मुलांनी उतरवून घेतलं की ज्याला कळलं नाही त्याच्या बाकापर्यंत पोहोचायच्या आत घंटा होते.

माझं मत असं की समजावून सांगण्याचा भाग व्हिडिओवर द्यावा, मुलांनी तो घरी बघून यावा आणि वर्गातला सगळा वेळ उदाहरणं सोडवायला ठेवावा. चौथ्यांदा विचारायला मुलं लाजतात, व्हिडिओ मात्र दहा वेळा मागे नेता येतो. शिवाय आपल्या जिल्ह्यात शाळा बुडण्याची कारणं कमी नाहीत. आषाढीला पंढरपूर आणि पालखी मार्गावरच्या शाळांना सुट्टी असते, कारखान्यांचा हंगाम लागला की ऊसतोड टोळ्यांबरोबरची मुलं महिनोन्महिने फिरतीवर, आणि एप्रिलमध्ये पारा ४२-४३ वर गेला की सकाळच्या शाळेत तासिका आणखी आखूड. बुडालेला धडा परत शिकवायला मला वेळच नसतो. पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, धड्यांचे व्हिडिओ असलेलं सरकारचं दीक्षा ॲप फुकट आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही समोरासमोरच्या शिकवण्याचं महत्त्व मान्य करूनच मिश्र पद्धतीचा पुरस्कार केलाय. मग आपण का थांबलोय?

साखर पेठ
बाई, तुमची तळमळ कळते, पण हे मला अजिबात मान्य नाही.

आमच्याकडे फोन एकच. तो मालकांबरोबर यंत्रमागावर रात्रपाळीला जातो. ते घरी असतील तेव्हा फोन आधी मुलाच्या हातात, मग उरला तर मुलीच्या. मी विड्या वळते. मुलगी नववीत आहे, ती शाळेतून आली की पानं कापायला बसते, धाकट्याला बघते, पाणी सुटलं असेल तर भरून ठेवते. शाळा सुटली की ती घराची होते. तिचं स्वतःचं असं काही असेल तर ते वर्गातले पाच-सहा तास. त्या तासांतलं समजावणं तुम्ही काढून घरी पाठवणार आणि ती न बघता आली की बाकीच्यांबरोबर उदाहरणं सोडव म्हणणार? ती गप्प बसेल. दोन महिन्यांनी तुम्हीच म्हणाल, हिचं लक्ष नाही.

अजून एक. आम्ही घरात तेलुगू बोलतो. वर्गात तिचा चेहरा बघून बाई शब्द बदलतात, परत सांगतात. व्हिडिओला चेहरा दिसत नाही.

माढा तालुका
ताई, परिस्थिती खरी आहे, पण म्हणून तंत्रज्ञानच नको हे पटत नाही. आमच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते आले. डिसेंबर २०२० मध्ये सरांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. हे मुंबई-पुण्यात नाही, आपल्या खेड्यात झालं.

निवृत्त गुरुजी
डिसले सरांचं उदाहरण नेहमी अर्धंच सांगितलं जातं. पुस्तकावर कोड होता, आणि त्या पोरांसमोर रोज उभा राहणारा शिक्षकही होता. आता कोड राज्यभर छापले जातात, पण शिक्षक काही छापता येत नाहीत.

लॉकडाऊनमध्ये काय झालं ते आठवा. "शाळा बंद, पण शिक्षण सुरू" म्हणून सगळं केलं. व्हॉट्सॲपवर स्वाध्याय आले, सह्याद्री वाहिनीवर "टिलीमिली" ही धड्यांची मालिका लागायची, आणि करणाऱ्यांनी मनापासून केलं. तरी मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या "असर" या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ वर आली. शाळा नियमित भरू लागल्यावर २०२४ मध्ये आकडा पुन्हा २७.१ झाला. मुलं परत वाचू लागली ती वर्गात बसून. यापेक्षा स्पष्ट पुरावा मला नको.

बार्शीचा, सध्या पुण्यात
गुरुजी, हे आकडे तिसरीचे आहेत. धागा नववी-दहावीचा आहे. आठ वर्षांच्या मुलाला बोट धरून अक्षर गिरवून घ्यावं लागतं, पंधरा वर्षांच्या मुलाला नाही. मी बारावीचं भौतिकशास्त्र बरंचसं यूट्यूबवर शिकलो, कारण क्लासची फी घरात नव्हती. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांना संध्याकाळी दुसरा शिक्षक मिळतोच. गरीब पोराला तो व्हिडिओतून मिळत असेल तर अडवू नका.

निवृत्त गुरुजी
तुझ्यात जिद्द होती, तू शिकलास, आनंद आहे. पण धोरण जिद्दीच्या पोरांना धरून आखायचं नसतं. शेवटच्या बाकावरचा समोर ठेवून आखायचं असतं. आणि २०२० च्या केंद्राच्या "प्रज्ञाता" सूचनांत नववी ते बारावीलाही दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची चारच ऑनलाइन सत्रं सांगितली होती, तीही शाळा बंद असताना.

गणिताच्या बाई
साखर पेठेच्या ताईंचं म्हणणं माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींना लागू आहे, म्हणून त्यालाच उत्तर देते. व्हिडिओ घरी बघायची अट काढू. दीक्षावरचे धडे उतरवून ठेवता येतात, एका टॅबवरून दुसऱ्यावर नेटशिवाय देता येतात. शाळेतच, शाळेच्या वेळात, एक गट टॅबवर धडा बघेल आणि दुसरा गट माझ्यासमोर उदाहरणं सोडवेल. मग अदलाबदल. साठऐवजी तीस मुलांसमोर मी उभी राहीन. गैरहजर मुलगी परत आली की तिला बुडालेला धडा तिथेच मिळेल.

गुरुजी, मूळ पद्धतीत तरी शेवटच्या बाकाला आज काय मिळतंय? मी रोज बघते. काही मिळत नाही. त्यामुळे आहे ते तसंच राहू द्या, हे मला मान्य नाही.

साखर पेठ
शाळेतच होणार असेल तर मी ऐकायला तयार आहे. पण तो दुसरा गट टॅबवर बसलेला असताना त्यांच्याजवळ कोण असेल?

अक्कलकोट, जि. प. शिक्षक
हाच प्रश्न. आमच्या शाळेत चार वर्ग आणि आम्ही दोघं. एकाचा दिवस ॲपवर माहिती भरण्यात आणि पोषण आहाराच्या नोंदीत जातो. अशा ठिकाणी "मिश्र पद्धत" आली की रिक्त जागा भरायची घाई संपते, ही माझी खरी भीती आहे. टीव्ही लावला, वर्ग शांत झाला, कागदावर तासिका झाली. आमच्या भागात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाचे कन्नड व्हिडिओ मराठीच्या मानाने किती थोडे, ते शोधून बघा. आणि वीजबिल थकलं म्हणून जोडणी तोडलेल्या शाळा मी पाहिल्यात, तिथे टॅब चार्ज कुठे करायचे?

बाईंची योजना मला आवडली, पण अट एकच: आधी मंजूर पदं भरा, मग टॅब द्या. क्रम उलटा झाला तर मी विरोधात.

गणिताच्या बाई
सर, पदं भरायच्या मागणीवर मी तुमच्यासोबत सही करते. पण माझी या वर्षीची दहावी फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षेला बसणार आहे, ती भरतीसाठी थांबू शकत नाही. मुख्याध्यापकांकडे मी संगणक कक्ष आठवड्यातून दोन तासिका मागणार आहे, आणि तिथे बसायला प्रयोगशाळा सहायकांना विचारणार आहे. सुरुवात भूमितीपासून, फक्त वर्तुळाचा धडा. ताई, तुमच्या मुलीच्या शाळेत असं झालं तर तिला काय अडेल, ते आधीच सांगा.

साखर पेठ
तिला मराठीतली मोठी वाक्यं अडतात. आकृतीवर बोट ठेवून सांगणारा व्हिडिओ निवडा, आणि बघून झाल्यावर तिला तेलुगूत मैत्रिणीशी बोलू द्या.