मॅराडोनाच्या मागची जाहिरात: तुम्हाला कोणत्या आठवतात?

कॉर्नरकिक
उद्या रंगारी येणार म्हणून आईकडचं जुनं लाकडी कपाट रिकामं करत होतो. दाराच्या आतल्या बाजूला मॅराडोना! १९८६चा, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांतला, खळ लावून चिकटवलेला. मेक्सिकोतल्या भर दुपारच्या मॅचेस आपल्याकडे रात्री साडेअकराला लागायच्या. त्या महिन्यात हट्टाने घेतलेल्या एका इंग्रजी साप्ताहिकाचं हे मधलं पान. आता वरचा एक कोपरा सुटलाय आणि मागून जाहिरात डोकावतेय. सायकलचं अर्धं चाक दिसतंय, बाकी काही कळत नाही.

गंमत म्हणजे त्या अंकातल्या मॅचच्या वर्णनाची एक ओळ आठवत नाही, जाहिराती मात्र धडाधड आठवल्या. पॉवरचे बूट, पामोलिव्हवाला कपिल, ‘ओन्ली विमल’, व्यायामाचा बुलवर्कर. यातलं एकही आमच्या घरात कधी आलं नाही.

तुमच्या सांगा. फुटबॉल, क्रिकेट, काहीही चालेल.

ता.क. पोस्टरला खाली चौकोनी भोक आहे. नेमका डावा बूट गायब. धाकट्या भावाचे प्रताप.

अर्धा_कप
बुलवर्कर!!! ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो. त्यातला ‘आधी’वाला मी. अजूनही तोच आहे 😄

पेठेतला_बॅक
मामा मुंबईला होता, फाउंटनच्या फुटपाथवरनं ‘शूट’चे अंक आणायचा. फुटबॉलचं विलायती साप्ताहिक, दोन-दोन वर्षं जुनं. आम्हाला काय, कोल्हापुरात ते ताजंच. जाहिरातीत बुटाची किंमत पौंडात आणि खाली बारीक अक्षरात, माल पोचायला २८ दिवस लागतील. मी खरंच पोस्टात जाऊन विचारलं होतं, पौंडाची पोस्टल ऑर्डर मिळते का म्हणून. काउंटरवरच्या काकांनी आधी वडिलांचं नाव विचारलं. पळालो.

त्यांच्याकडं सीझनच्या सुरुवातीला लीग लॅडर फुकट द्यायचे. पुठ्ठ्याचा तक्ता, त्यात क्लबांच्या नावाच्या पट्ट्या खोचायच्या, कोण वर कोण खाली. आमच्यापर्यंत नुसती जाहिरात यायची, पट्ट्या कुणीतरी आधीच काढलेल्या. मग लग्नपत्रिका कापून पेठांचा लॅडर केला. आमच्याकडच्या टीमपैकी पाटाकडील वर खोचायचं का शिवाजी तरुण, यावरनं पहिल्याच आठवड्यात फाटला.

शुभ्रा_७१
मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण दादाच्या स्पोर्टस्टारवर माझा डोळा असायचा, वह्यांच्या कव्हरसाठी. ‘सोविएत देश’ची पानं जास्त गुळगुळीत, पण ती संपली की दादाचे अंक. विज्ञानाच्या वहीला दाढीचा फेस लावलेला कपिल आला होता. बाईंनी वही परत देताना सांगितलं, “हे आतल्या बाजूला घाल.”

अर्धा_कप
@शुभ्रा_७१ आणि दादा काय म्हणाला?

शुभ्रा_७१
दादाने माझ्या भूगोलाच्या वहीचं विमान केलं. कुकर लावलाय, नंतर येते.

हितचिंतक
मासिकं राहू द्या, स्मरणिकेतल्या जाहिराती कुणालाच आठवत नाहीत का? आमच्या मंडळाची फुटबॉल स्पर्धा असायची आणि खर्च निघायचा तो स्मरणिकेतून. पूर्ण पान, अर्धं पान, पाव पान. पावतीपुस्तक घेऊन आम्ही पोरं बाजारभर फिरायचो. भांड्यांचं दुकान, पिठाची गिरणी, बँडवाले. मजकूर काय द्यायचा हे कुणालाच सुचायचं नाही, म्हणून सगळीकडे एकच: ‘स्पर्धेस हार्दिक शुभेच्छा’. एका सायकलवाल्याने विचारलं, “फुटबॉल खेळणारी पोरं पंक्चर काढायला येणार आहेत का?” आम्ही म्हटलं, येतील. मग स्मरणिकेत छापून आलं: ‘खेळाडूंना हवा मोफत’. सेमीफायनलच्या दिवशी दोन्ही टीम फुटबॉल घेऊन त्याच्या दारात. तेव्हाचे फुटबॉल म्हणजे आत ब्लॅडर, वर वादी. ती सोडायची, हवा भरायची, नळी दुमडून बांधायची, पुन्हा वादी आवळायची. तासभर त्याचं गिऱ्हाईक खोळंबलं. पुढच्या वर्षी त्याने अर्धं पान घेतलं पण नाव घालू दिलं नाही. ‘एक हितचिंतक’. माझं इथलं नाव तिथूनच.

पेठेतला_बॅक
@हितचिंतक 😂😂 आमच्यात उलटं. नाव हवंच, आणि शेजारच्यापेक्षा एक पॉइंट मोठं हवं.

लेट्रासेट
एक पॉइंट मोठं करायला काय लागायचं ते आम्हाला विचारा. मी पेस्ट-अप करायचो, म्हणजे छपाईआधी पान हाताने चिकटवून जुळवायचो. मजकुराचे ब्रोमाइड, म्हणजे फोटोच्या कागदावरचे छाप, कापायचे, रबर सोल्युशनने चिकटवायचे, मथळ्याला लेट्रासेट, म्हणजे शीटवरची तयार अक्षरं, घासून उमटवायचं. त्या शीटमधला ‘क’ नेहमी आधी संपणार. मग ‘व’ला हाताने शेपूट जोडायची. एका खेळाच्या अंकात मी केलेलं ‘क्रिकेट’ आहे, त्यातले दोन्ही ‘क’ मुळात ‘व’ आहेत. कुणाला कळलं नाही. मला अजून दिसतात.

आणि ती तुटक रेषेची कुपनं! एकदा पानाच्या ऐन मध्यात टाकलं. संपादक ओरडले, लोक कापणार कसं? म्हणून कुपन खालच्या कोपऱ्यात.

नाईटवॉचमन
‘एकच षटकार’ या खेळाच्या नियतकालिकाचे अंक कुणी जपून ठेवलेत का? संदीप पाटील संपादक असतानाचे? मी सगळे रद्दीत घातले. म्हणजे मी नाही, हिने.

ऑफसाइड_आजोबा
सिगारेटच्या जाहिराती विसरलात सगळे. विल्स, फोर स्क्वेअर. खेळाच्या अंकाचं मागचं रंगीत पान बहुतेक वेळा त्यांचंच. नंतर टीमच्या शर्टवरही विल्स. २००४च्या मे महिन्यापासून कायद्याने जाहिरातीच बंद झाल्या, बरंच झालं. मी मात्र फोर स्क्वेअरचं लाल पान फ्रेम करून लावलं होतं. ओढत नव्हतो, रंग आवडायचा. वडिलांना हे पटवता आलं नाही.

शुभ्रा_७१
आले. @कॉर्नरकिक ते पोस्टर काढताना पाणी लावू नका हो, खळ फुगते आणि कागदाचा लगदा होतो. अनुभव आहे.

नाईटवॉचमन
वाफ द्या. कपड्यांच्या इस्त्रीची. लांबून.

अर्धा_कप
इस्त्री नको, मॅराडोना भाजेल. हेअर ड्रायर.

लेट्रासेट
खळ आहे, गरम हवेने अजून वाळेल. वाफच. मागून पातळ पट्टी सरकवत न्या, घाई करू नका. आणि @कॉर्नरकिक, भोक चौकोनी म्हणालात ना? कडा सरळ आहेत का? खालच्या कोपऱ्यात? लहान पोरगं फाडतं तेव्हा चौकोन पडत नाही. मागे कुपन असणार.

पेठेतला_बॅक
आयला!

ऑफसाइड_आजोबा
कुणी कापलं मग?

कॉर्नरकिक
वाफेने निम्मं निघालं. मागे स्पर्धेची जाहिरात आहे. पहिलं बक्षीस सायकल, आणि घोषवाक्य दहा शब्दांत पूर्ण करून पाठवायचं. कुपनच्या जागी भोक. कडा पट्टी लावून कापल्यासारख्या.

मीच कापलंय. रात्री, सगळे झोपल्यावर, आईच्या शिवणाच्या कात्रीने. पलटून बघितलं तर बूट गेलेला. सकाळी बाबांनी विचारलं, तेव्हा धाकट्याचं नाव घेतलं. तो चार वर्षांचा होता, त्याला धड नाही म्हणता येईना. पुढे इतक्या वेळा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं. आज वर ता.क.मध्येही तेच लिहून बसलो.

सायकल आली नाही हे सांगायला नकोच.

हितचिंतक
घोषवाक्य काय लिहिलं होतंत?

कॉर्नरकिक
ते अजिबात आठवत नाही हो. अकरा शब्द झाले होते आणि एक खोडला होता, एवढंच.

शुभ्रा_७१
भावाला सांगा आधी.

कॉर्नरकिक
आत्ताच फोन केला. म्हणाला, “कसलं पोस्टर? मला काही आठवत नाही.” ठेवला. दोन मिनिटांनी मेसेज आला: “बाबांनी मारलं होतं ते का?”