‘फॅक्शन’, ‘रायव्हलरी’ आणि ‘पॉवर इम्बॅलन्स’ला मराठीत काय म्हणाल?

एका कल्पनारम्य रोलप्लेइंग गेमची नियमावली मराठीत उतरवतोय. रक्तपिपासू, नरवृक (वेअरवुल्फ), चेटके, प्रत्येकाचं वेगळं फॅक्शन. मी सगळीकडे ‘गट’ लिहिलं आणि शेवटी ‘गटांमधील सत्तेचा असमतोल’ असं वाक्य हाती आलं. लेखापरीक्षणाचा अहवाल वाटतोय. सुचवा काहीतरी.

—

‘गट’ बोथट आहे. आधी हे ठरवा, माणूस (बरं, पिशाच्च) त्यात रक्ताने आला की मर्जीने? ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ या अशाच गेममध्ये (१९९१) हा भेद पक्का आहे. ज्याने तुम्हाला पिशाच्च केलं त्याचा क्लॅन तुम्हाला चिकटतो. सेक्ट मात्र राजकारणाचा भाग. म्हणून क्लॅन म्हणजे ‘कूळ’ आणि सेक्ट म्हणजे ‘गोट’. ‘पंथ’ नको, त्याला श्रद्धेचा वास येतो. तिथल्या एका सेक्टचं नाव ‘कमारिया’. हा स्पॅनिश शब्द. मूळ अर्थ छोटी खोली, पुढे राजाच्या कानाशी लागलेली मंडळी. त्याला आपला ‘कंपू’ शोभला असता. एके काळी कवायती पलटणींनाही कंपू म्हणत, आता मात्र त्यात टवाळी शिरली आहे.

—

‘रायव्हलरी’ला ‘शत्रुत्व’ लिहू नका. बरोबरीचे असतील तर ‘चुरस’, एकमेकांवर डाव टाकत असतील तर ‘कुरघोडी’, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं असेल तर ‘हाडवैर’. एकाच कुळात जुंपली की ‘भाऊबंदकी’! या एका शब्दात नियमावलीचं अख्खं पान वाचेल.

—

आणि ‘असमतोल’ तर टाकूनच द्या. तो शब्द कुणाचीच बाजू घेत नाही. बोलताना आपण बाजू घेऊनच बोलतो. एखाद्या लढतीत सरस तो ‘वरचढ’. कायम ज्याचं चालतं त्याचा ‘वरचष्मा’. हाताखालचा भारी पडू लागला तर ‘डोईजड’, चूक असूनही उलट अंगावर आला तर ‘शिरजोर’. खालच्या बाजूने बघाल तर ‘मांडलिक’ आणि ‘अंकित’ यांतही फरक आहे: मांडलिकाची गादी शाबूत असते, तो खंडणी देतो, अंकिताला स्वतःची इच्छाच उरत नाही. चेटक्याने मंत्राने बांधलेलं भूत अंकित, मांडलिक नव्हे.

—

आभार, पण एक पेच. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या गेममधल्या ब्लड वॉरसारखं युद्ध आमच्याकडेही आहे. एका बाजूला अगणित पण बेबंद राक्षस, दुसरीकडे संख्येने कमी पण शिस्तीचे. वरचढ कोण म्हणू?

—

कुणीच नाही, ते ‘तुल्यबळ’. बळ एकाच जातीचं असायला हवं असं थोडंच आहे? आणि त्या प्रकरणाला शीर्षक द्या ‘बलाबल’. ताकद आणि उणीव दोन्ही त्यात आली.

बाकी, ‘नरवृक’ उच्चारताना खेळाडूंची जीभ अडखळेल. ‘लांडगेमाणूस’ का नको?