वहिनीचे लाडकी बहीणचे पैसे भाकरी मशीनला घालावे का? सल्ला हवाय

मंगळवेढेकर_चाकणला:
नमस्कार मंडळी, मी चाकणला कंपनीत आहे, गाव मंगळवेढ्याकडं. भावाची अडीच एकर जिरायत आणि वहिनीचा कडक भाकरी अन् शेंगाचटणीचा छोटासा धंदा. सोलापुरातलं एक दुकान आणि हायवेवरचे दोन ढाबे माल उचलतात, दिवाळी-उन्हाळ्यात पुण्या-मुंबईची पाव्हणेमंडळी पण नेतात. वहिनीने लाडकी बहीणचे पैसे ऑगस्ट २०२४ ला पहिले दोन हप्ते एकदम पडले तेव्हापासून फारसे काढलेच नाहीत, वेगळ्या खात्यात आहेत. आता दादा म्हणतोय की हे डाऊन पेमेंटला घालू, भाकरीचं मशीन घेऊ हप्त्यावर, आणि महिन्याचे पंधराशे आहेतच की हप्त्याला. आई म्हणते आधी गावातल्या विकास सोसायटीचं शेतीकर्ज फेडा. वहिनी गप्प आहे पण तिला मशीन नको असं वाटतंय मला. कुणी असं केलंय का? पंधराशेने धंद्याला खरंच काही फरक पडतो का, की नुसतं मनाचं समाधान?

बचतगटवाली_ताई:
दादांना सांगा हप्ता अजिबात बांधून घेऊ नका त्या पैशावर!! योजनेचा हप्ता कधी वेळेवर पडतो, कधी दोन महिन्याचे एकत्र, मधे ई-केवायसीच्या वेळी आमच्या गटातल्या निम्म्या बायका ओटीपी येत नाही म्हणून सायबर कॅफेच्या पायऱ्यांवर बसून होत्या. फायनान्सवाला थांबतो का तेवढं? तो ५ तारखेला दारात.
आणि फरक पडतो का विचारताय तर पडतो, पण तुम्ही शोधताय तिथं नाही. वहिनींना एकच विचारा, पावसाळ्यात ज्वारी कुठून घेते? माझं सांगते, मी पण भाकरी-चटणीच करते. आधी श्रावण-भादव्यात घरातली ज्वारी संपली की गावातल्या दुकानातून दहा-वीस किलो उधारीवर, तो सांगेल तो भाव, आणि मालदांडी (भाकरीची चांगली ज्वारी) म्हणून काय देईल त्याचा नेम नाही, त्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरते मग ती दुकानदार परत करतो. गेल्या दोन सुगीला मी साठलेल्या पैशातून खळ्यावरच रोख देऊन पोती उचलली. भावात फरक, मालात फरक, आणि रोख म्हटलं की शेतकरी पण निवडून देतो. शेंगदाण्याचं तसंच. मशीन काय करणार चांगली ज्वारीच नसेल तर?

रोखठोक_सांगलीकर:
स्पष्ट बोलतो राग मानू नका. सरकारने फुकट वाटायचं आणि आमच्या द्राक्षबागेला मजूर मिळेना. धंदा चालत असेल तर तो स्वतःच्या पैशावर चालला पाहिजे, नाहीतर योजना बंद झाली की धंदा पण बंद.

बचतगटवाली_ताई:
@रोखठोक_सांगलीकर मजुरी वाढवा की मग, येतील बायका 😄 आणि धंदा तिच्याच पैशावर चालतोय हो. अडचण काय असते, आठवड्याची विक्री हातात आली की त्यातूनच पोराची वही, सासूची गोळी, गॅसची टाकी, आणि सोमवारी दाणे आणायला पैसे नाहीत. पंधराशे घरात आले की गल्ल्याला हात लागत नाही एवढंच. भांडवल गळत नाही.

आकडेमोड:
ताईंचा मुद्दा पटला. यात एक भर टाकतो. केनियात गिव्हडायरेक्टली म्हणून संस्था आहे, ती गावातल्या लोकांना थेट मोबाईलवर, एम-पेसावर, पैसे पाठवते. तिथे अर्थतज्ज्ञ अभिजीत बॅनर्जी आणि इतरांनी तुलना केली, काही गावांना एकरकमी साधारण ५०० डॉलर, काहींना दोन वर्षं दरमहा, काहींना बारा वर्षं दरमहा. छोटे धंदे उभे राहण्यात एकरकमीवाले दोन वर्षांच्या मासिकवाल्यांपेक्षा पुढे. पण बारा वर्षांची खात्री असलेल्यांनी पण चांगलं केलं, कारण त्यातल्या बऱ्याच जणांनी चक्क आपल्यासारखी भिशी लावली आणि महिन्याचे थोडेथोडे पैसे एकदम उचलले. म्हणजे वहिनींनी साठवलेत ते बरोबरच केलंय. फक्त आपल्याकडे बारा वर्षांची खात्री कोण देणार, म्हणून जेवढे साठलेत तेवढेच आपले धरायचे.

पंढरीचा_सीएससीवाला:
कामाच्या गोष्टी सांगतो, सीएससीत म्हणजे ऑनलाइन सरकारी सेवा केंद्रात रोज हेच बघतो.
मोठी ऑर्डर आली म्हणून छोटा हत्ती टेम्पो घ्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, ट्रॅक्टर सोडून चारचाकी घरात कुणाच्या नावावर आली की अपात्र. पैसे कुठल्या खात्यात पडतात ते आधार कुठे लिंक आहे त्यावर ठरतं, नवीन खातं काढून तिथे आधार जोडलं की पैसे तिकडे जातात आणि बाई जुन्या बँकेत चकरा मारते. आमच्याकडच्या एका बँकेने तर पहिल्या हप्त्यातूनच मिनिमम बॅलन्सचा दंड कापला होता, बरीच बोंबाबोंब झाली तेव्हा परत आले.
मशीन घ्यायचंच असेल तर उमेदच्या (सरकारी अभियानातल्या) बचतगटातून पीएमएफएमई ही केंद्राची योजना बघा, खाद्यप्रक्रियेला ३५ टक्के सबसिडी असते, गटातल्या सभासदाला चाळीस हजारापर्यंत बीजभांडवलाची पण सोय आहे, अजून चालू आहे का ती चौकशी तालुक्याला करा. त्याआधी एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा खात्याचं) साधं रजिस्ट्रेशन, वर्षाला शंभर रुपये फी, ते केलं की पाकिटावर नंबर टाकता येतो. ते नसेल तर पुण्याचं मोठं दुकान माल ठेवणार नाही.

मंगळवेढेकर_चाकणला:
सगळ्यांचे आभार. काल वहिनीशी फोनवर बोललो, पहिल्यांदाच नीट. ती म्हणाली मशीनची भाकरी एकसारखी येते पण तिच्या दुकानदाराला हाताचीच पाहिजे, त्याचेच तर तो दोन रुपये जास्त देतो. तिला हवंय ते म्हणजे सुगीला चार पोती ज्वारी, एक मोठा तवा आणि पॅकिंगचं सीलर, बास. दादा जरा फुगलाय पण तयार झाला. सोसायटीचं शेतमाल विकून येईल त्यातून बघू म्हणतो. एवढी ज्वारी वर्षभर टिकवायची कशी, गेल्या वर्षी दीड पोत्याला सोंडे लागले होते?

बचतगटवाली_ताई:
कडक ऊन दोन दिवस द्या, पूर्ण गार झाल्यावरच भरा, गरम भरली की घाम धरते. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून थरात घाला. पोती जमिनीवर नको, फळीवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. आणि दाताखाली दाणा कट्कन फुटला तरच घ्या, दबला तर ओली आहे, खळ्यावरच ठेवून या.