वकील केला की स्वतःच निस्तरलं? रोजच्या करारांच्या भांडणांचे अनुभव

मागच्या वर्षी घरात मॉड्युलर किचन करून घेतलं, साडेतीन लाखांचं काम. कोटेशनमध्ये लिहिलेलं बीडब्ल्यूपी प्लाय (पाण्यात टिकणारं) आणि लावलं एमडीएफ (लाकडाच्या लगद्याचा दाबलेला बोर्ड), पहिल्याच पावसाळ्यात सिंकखालचे शटर फुगून बंदच होईनात. कॉन्ट्रॅक्टर आधी बघतो बघतो म्हणाला, मग फोन उचलायचंच सोडलं. एका वकिलांनी केसचे तीस हजार सांगितले, दोन रात्री झोप नाही आली, किचनचे पैसे अडकलेलेच त्यात हे कुठून घालायचे. शेवटी स्वतःच नोटीस लिहिली, साध्या मराठीत, कोटेशन आणि फोटो जोडले, रजिस्टर एडीने पाठवली, पंधरा दिवस वाट बघितली आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागत नाही, आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते. आयोगाची नोटीस गेल्यावर माणूस स्वतःहून घरी आला आणि सगळे खालचे बॉक्स बदलून दिले.

मला जमलं म्हणून सगळ्यांना जमेल असं मात्र वाटत नाही. तुम्ही वकील केला का, नसेल तर का नाही, किती खर्च आला, नंतर पस्तावा झाला का, मोकळेपणाने लिहा.

---

ताई माझं उलटं झालंय. सांगलीत हार्डवेअरचं दुकान आहे, एका ठेकेदाराला ४ लाख १० हजारांचे पाइप-फिटिंग उधारीवर दिले होते, त्याने दिलेला चेक बाउन्स झाला. दहा वर्षांची ओळख, म्हटलं वकिलाची नोटीस पाठवली की संबंध तुटतो, बोलून घेऊ. तो दर वेळी पुढच्या सोमवारी देतो म्हणायचा, मी विश्वास ठेवायचो, असे करता करता दीड महिना गेला. मग वकिलांकडे गेलो तर त्यांनी बाकी काही न विचारता आधी विचारलं, रिटर्न मेमो, म्हणजे चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी, कधीचा आहे. चेक बाउन्सच्या कायद्यातल्या कलम १३८ ची नोटीस चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत जायला लागते, ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, ते संपले की एका महिन्यात कोर्टात तक्रार. चेक तीन महिन्यांच्या मुदतीत परत भरता आला असता, पण मी तो पहिल्यांदा भरलाच शेवटच्या आठवड्यात, तोही त्याच्याच विनंतीवरून. झालं, तो रस्ता बंद. आता दिवाणी दावा टाकलाय, कोर्ट फी भरली, तारखा चालू आहेत. चेक परत आला त्याच दिवशी पाचशे-हजार देऊन अर्धा तास विचारून आलो असतो तर आज वेगळं असतं, हे बायको बोलत नाही पण मला रोज टोचतं.

---

दादा, मालाच्या चलनावर त्याची सही आहे ना? आणि दावा तीन वर्षांच्या आत टाकलात ना?

---

दोन्ही आहे ताई. चलनावरच सगळी भिस्त आहे.

---

भोसरीत छोटं सीएनसी जॉबवर्कचं युनिट आहे माझं. एका कंपनीने सात महिने बिलं अडकवली होती. वकील न करता छोट्या उद्योगांच्या अडकलेल्या बिलांसाठी सरकारचं तेव्हा जे समाधान पोर्टल होतं त्यावर केस टाकली. सूक्ष्म-लघु उद्योगाचं पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत करायला लागतं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. नोटीस गेली आणि अकाउंट्सवाल्यांचा फोन आला, मुद्दल पूर्ण मिळालं, व्याज मी सोडलं कारण पुढचं काम त्यांच्याकडूनच येणार होतं. उद्यम नोंदणीच्या (छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीच्या) आधीची दोन बिलं मी त्यात घातलीच नाहीत, त्यावरून वाद घालतात. सांगलीच्या दादांना हे चालणार नाही, नुसत्या ट्रेडिंगवाल्यांना हा फायदा नाही, उत्पादन किंवा सेवा लागते.

---

हिंजवडीत पहिला जॉब, दोन वर्षं नोकरी सोडायची नाही, सोडली तर पैसे भरायचे असा बॉन्ड, चौदाव्या महिन्यात सोडला तर कंपनीने दीड लाख मागितले आणि रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) अडवलं. मित्र म्हणाले बॉन्ड बेकायदेशीर असतो, इग्नोर कर. मी वकील मॅडमना दोन हजार देऊन एक तास भेटले आणि ते दोन हजार वसूल झाले. त्या म्हणाल्या असं सरसकट नसतं, २०२५ मध्येच सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये दोन लाखांचा बॉन्ड मान्य केलाय, पण ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च वगैरे मुद्दे होते. आपल्या बाबतीत कंपनीला खरंच किती नुकसान झालं ते विचारायचं, करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाईपुरतंच आहे. ट्रेनिंगचा हिशोब द्या असा मेल त्यांनी सांगितला तसा मीच लिहिला. पंचेचाळीस हजारांवर मिटलं, लेटर मिळालं. पुढे केस झाली असती तर मात्र त्यांनाच दिली असती, एकटीने नसती लढले.

---

ठाण्यात घरमालकांनी ८० हजार डिपॉझिट रंगकामाच्या नावाखाली ठेवून घेतलं. ॲग्रीमेंट फक्त नोटरी केलेलं, मला वाटायचं आता आपलीच बाजू कमकुवत. वकील काका म्हणाले महाराष्ट्रात अकरा महिन्यांचं असलं तरी रजिस्टर करायला लागतं आणि ती जबाबदारी मालकाची, नसेल केलं तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी धरतात, उलटं त्यांनी सिद्ध करायचं. एवढं एक पत्र त्यांच्या लेटरहेडवर गेलं, खर्च अडीच हजार, दहा दिवसांत पैसे आले. घर सोडताना केलेला व्हिडिओ पण कामी आला, तो करत जा.

---

इंग्लंडमध्ये डिपॉझिट मालकाला ३० दिवसांत सरकारमान्य स्कीममध्ये ठेवायलाच लागतं, वाद झाला की तीच स्कीम फुकट निवाडा देते. मी फोटो अपलोड केले, ७० टक्के परत. वकिलाचा विचारच केला नाही.

---

काकूंनी मुलीच्या लग्नासाठी मंगल कार्यालय बुक केलं होतं, ६० हजार भरलेले, आणि काका गेले. लग्न पुढे ढकललं. पावतीवर 'रक्कम परत मिळणार नाही' असा शिक्का, म्हणून सगळे म्हणाले सोडून द्या. काकूंना हे फार लागलं होतं. मी त्यांना साताऱ्याच्या कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात घेऊन गेले. बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो, हे मलाही तिथेच कळलं. प्रकरण दाखलपूर्व म्हणून, म्हणजे कोर्टात केस टाकण्याआधीच, लोकअदालतीत ठेवलं. कार्यालयवाले चाळीस हजारांना तयार झाले. वकिलांनी नीट समजावलं की इथे सही केली की अपील नाही, घाई करू नका. काकूंनी कागद दोनदा वाचून घेतला, मगच सही केली. चेक मिळाला त्याच दुपारी बँकेत भरून आलो.