अ‍ॅडम श्लेसिंजर यांना कोणत्या चित्रपटगीतातून आठवावे?

धागालेखक: अमेरिकी पॉप गीतकार-संगीतकार अ‍ॅडम श्लेसिंजर १ एप्रिल २०२० रोजी कोविडमुळे वयाच्या ५२व्या वर्षी गेले. ‘फाउंटन्स ऑफ वेन’ या त्यांच्या बँडचे ‘स्टेसीज मॉम’ आणि त्याच नावाच्या चित्रपटासाठी लिहिलेले, ऑस्करचे नामांकन मिळालेले ‘दॅट थिंग यू डू!’ या गाण्यांपलीकडे त्यांची आठवण सहसा जात नाही. माझ्या मते त्यांची खरी ताकद ‘म्युझिक अँड लिरिक्स’ (२००७) या चित्रपटातील ‘डोन्ट राइट मी ऑफ’ या गाण्यात आहे. ह्यू ग्रँटने साकारलेला अ‍ॅलेक्स हा ऐंशीच्या दशकातला विसरला गेलेला गायक चाली सहज बांधतो, पण शब्दांसाठी त्याला कायम दुसऱ्याचा आधार लागतो. आणि तोच, घरातल्या झाडांना पाणी घालायला येऊन त्याची गीतकार झालेल्या, पण आता दुरावलेल्या सोफीची क्षमा मागण्यासाठी, भर मैफलीत एकटा पियानोवर बसून, स्वतः लिहिलेले गाणे गातो. म्हणजे श्लेसिंजर यांना शब्द न सुचणाऱ्या माणसाचे शब्द लिहायचे होते. तू माझी झाडे मारलीस तरी मला तू हवी आहेस, अशा अर्थाची ओळ त्यात येते, आणि त्या अवघडलेपणातच तिचा खरेपणा आहे.

प्रतिसाद १: असहमत. सोफी कोण आणि झाडांचे काय झाले, हे ठाऊक नसलेल्याला ती ओळ काय सांगणार? आपल्याकडे नाटक कधीही न पाहिलेल्या माणसालाही नाट्यपदे पाठ असतात; गाण्याची कसोटी तीच असावी. ‘दॅट थिंग यू डू!’ हे १९६४ सालच्या एका होतकरू बँडचे गाणे म्हणून लिहिले गेले. ते त्या काळी गाजले असते यावर प्रेक्षकाचा विश्वास बसायला हवा होता, शिवाय चित्रपटभर पुन्हा पुन्हा ऐकूनही ते शिळे होऊन चालणार नव्हते. १९६७ साली जन्मलेल्या माणसाने हे साधले! प्रसिद्ध आहे म्हणून त्या गाण्याला मागे सारणे मला अन्यायाचे वाटते.

धागालेखक: त्या गाण्याची थोरवी मला मान्यच आहे. मात्र तिथे त्यांना एका काळाची नक्कल साधायची होती, इथे एका माणसाचा स्वभाव. नाट्यपदांचा दाखला योग्य असला, तरी प्रसंग ठाऊक असताना तेच पद अधिक उमलते, हेही आपण मान्य कराल.

प्रतिसाद २: आपण दोघेही त्याच चित्रपटातील ‘वे बॅक इंटू लव्ह’ विसरत आहात. ते आधी अ‍ॅलेक्स आणि सोफीच्या साध्या आवाजांत ध्वनिमुद्रित होते. मग लोकप्रिय गायिका कोरा त्यावर भारतीय वळणाचे वाद्यसंगीत आणि मादक नाच चढवते, तेव्हा भारतीय श्रोता म्हणून मला ते फार खटकले. शेवटी ते पुन्हा साधे होऊन येते. तिन्ही वेळा चाल तीच, आणि ती कुठेही मोडत नाही. प्रसंगाचा टेकू नको, ही प्रतिसाद १ची अटही हे गाणे पूर्ण करते.

प्रतिसाद १: चालीपुरते मान्य. शब्दांत मात्र ते मला फारच सर्वसाधारण वाटते; त्यापेक्षा झाडांची ओळ बरी, एवढे धागालेखकांच्या बाजूने म्हणेन.